वृद्धनिवासातला एकटा फार्मासिस्ट

ऑस्ट्रेलियातील वृद्धनिवासांत प्रत्यक्ष जागेवर काम करणारा फार्मासिस्ट असावा, यासाठी तिथल्या केंद्र सरकारने १ जुलै २०२४ पासून निधी द्यायला सुरुवात केली. हिशेब २५० खाटांमागे एक पूर्णवेळ फार्मासिस्ट असा आहे. म्हणजे शंभर खाटांच्या वृद्धनिवासाच्या वाट्याला आठवड्यातले दोन दिवस येतात आणि पन्नास खाटांच्या वाट्याला एक. योजना चांगली आहे, आणि ती यायला फार उशीर झाला याबद्दलही दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या हिशेबात एक गोष्ट कुठेच धरलेली नाही. त्या इमारतीत परिचारिका अनेक असतात, काळजीवाहक कर्मचारी त्याहून अधिक असतात, फार्मासिस्ट मात्र एकच असतो, आणि आपण केलेला विचार बरोबर आहे की नाही हे ज्याला विचारावे असे त्याच्याच व्यवसायातले दुसरे माणूस तिथे नसते. समव्यावसायिकांशी नियमित बोलण्याची सोय ही कर्मचाऱ्यांच्या कल्याणाची ऐच्छिक बाब मानली जाते. माझ्या मते ती रहिवाशांच्या सुरक्षिततेची बाब आहे, आणि म्हणून तिचा वेळ कामाचा वेळ धरून त्याचा मोबदला योजनेतूनच दिला पाहिजे.

ही योजना कशातून आली हे आधी पाहावे लागेल. वृद्धसेवेची गुणवत्ता आणि सुरक्षितता तपासण्यासाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, वर्षभरानंतर अंतरिम अहवाल दिला, तेव्हा तातडीने हात घालण्याजोग्या तीन गोष्टींमध्ये औषधांच्या जोरावर माणसांना शांत ठेवण्याच्या प्रथेचा समावेश केला होता. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या, आणि औषधांचा आढावा व मनोविकारविरोधी औषधांवरील निर्बंध हे विषय त्यांत होते. औषधांचा आढावा त्याआधी होत नव्हता असे नाही. १९९७ पासून फार्मासिस्ट बाहेरून येऊन रहिवाशाच्या औषधांची तपासणी करीत आणि अहवाल लिहून जात. पण अहवाल फायलीत गेला की त्याचे पुढे काय झाले हे पाहायला तो माणूस तिथे नसे. नव्या योजनेने त्याला इमारतीत बसवले आणि त्याबरोबर एक नवी जबाबदारी त्याच्यावर टाकली. आता त्याने सुचवलेल्या बदलाचे परिणाम पुढच्याच आठवड्यात जेवणघरात त्याच्यासमोर बसलेले असतात.

ही जबाबदारी किती गुंतागुंतीची असते याचे एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, ८७ वर्षांच्या एका बाईंना रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू आहे. त्याने घोट्यांवर सूज येते. सूज हृदयाची असावी असे वाटून फ्युरोसेमाइड सुरू होते. त्यामुळे लघवीला वारंवार जावे लागते, वेळेवर पोहोचता येत नाही, म्हणून ऑक्सिब्युटिनिन येते. ऑक्सिब्युटिनिनने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, त्यासाठी रेचक येते, आणि आधीच अशक्त झालेल्या स्मृतीवर गोंधळाची भर पडते. बाई रात्री उठून फिरू लागतात, कोणाला तरी ढकलतात, आणि रिस्पेरिडोन हे मनोविकारविरोधी औषध लिहिले जाते. मग चाल मंदावते आणि त्या पडतात. यातले प्रत्येक औषध त्या त्या दिवशी कोणी तरी चांगल्या हेतूने लिहिलेले असते. डॉक्टरही अनेकदा वेगवेगळे असतात. साखळी दिसते ती औषधांचा सगळा तक्ता एकत्र वाचणाऱ्याला, आणि तो वाचण्यासाठीच फार्मासिस्टची नेमणूक झालेली असते.

साखळी दिसणे सोपे, ती सोडवणे अवघड. अॅम्लोडिपिन आधी काढायचे की ऑक्सिब्युटिनिन? दोन्ही एकदम काढली आणि बाईंची अवस्था बदलली, तर बदल कशाने झाला हे कळणार नाही. ऑस्ट्रेलियात स्मृतिभ्रंशातील वर्तनासाठी रिस्पेरिडोनची मान्यता २०१५ पासून अल्झायमर प्रकारापुरती आणि जास्तीत जास्त बारा आठवड्यांपुरती आहे. पण चौदाव्या आठवड्यात ते अजून चालू आहे असे दिसले, तर एका झटक्यात बंद करायचे की हळूहळू उतरवायचे, आणि उतरवताना रात्रपाळीच्या परिचारिकेने नेमके काय पाहायचे, हे पुस्तकातल्या एका ओळीत सापडत नाही. मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि ती उपयोगी आहेत. मात्र ती एका आजाराच्या माणसासाठी लिहिलेली असतात आणि वृद्धनिवासात सहा आजारांचे माणूस भेटते. अशा वेळी अनुभवी फार्मासिस्ट जे करतो त्याला सारासार विवेक म्हणतात, आणि हा विवेक चार जणांसमोर मांडून, त्यांच्या हरकती ऐकूनच तयार होतो.

यावर असे म्हटले जाईल की वृद्धनिवासात डॉक्टर आहेत, १ जुलै २०२३ पासून चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका असणे बंधनकारक आहे, औषधविषयक सल्लागार समिती आहे, मग फार्मासिस्ट एकटा कसा? तो माणसांत एकटा नसतो, व्यवसायात एकटा असतो. डॉक्टरांना तो औषध कमी करायला सुचवत असतो, तेव्हा सूचना योग्य आहे की नाही हे त्याच डॉक्टरांना विचारून त्याला स्वतःची तपासणी करता येत नाही. परिचारिका त्याची रोजची सोबती असते, परंतु गोळ्या कुस्करून सफरचंदाच्या गरात मिसळण्याची पद्धत चुकीची आहे, त्यातली एक गोळी सावकाश विरघळणारी आहे आणि कुस्करल्याने तिचा दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो, हे त्याला तिलाच सांगायचे असते. ती बिचारी चाळीस रहिवाशांची सकाळची औषधफेरी घड्याळाशी झुंजत संपवत असते. तिच्या कामाची पाहणी करणाऱ्याने आपल्या मनातली शंका तिच्यापाशीच मोकळी करावी, ही अपेक्षा दोघांवरही अन्याय करणारी आहे.

मालकाकडे जावे, तर तिथे प्रश्न आणखी नाजूक होतो. योजनेची मुख्य वाट अशी आखली आहे की परिसरातील औषधदुकान फार्मासिस्ट नेमते आणि सरकारकडून निधी घेते. बहुतेक वेळा हेच दुकान वृद्धनिवासाला औषधांची आठवडी पाकिटे पुरवते. दुकानाचे उत्पन्न वाटलेल्या औषधांवर असते आणि त्याने नेमलेल्या फार्मासिस्टचे काम बहुतांशी औषधे कमी करणे हे असते. यात कोणी अप्रामाणिक आहे असे मला सुचवायचे नाही. बहुसंख्य दुकानदार या बाबतीत सरळ वागतात, असेच मी गृहीत धरतो. पण पाकिटात वारंवार चुका होत आहेत असे ज्याच्या लक्षात आले आणि ते पाकीट ज्याच्या पगारदात्याचे आहे, त्या फार्मासिस्टने ही गोष्ट पहिल्यांदा कोणापुढे मांडावी? तक्रार करण्याइतकी ती मोठी आहे का, की साध्या फोनने सुटेल, हे ठरवायला त्याला हितसंबंध नसलेला आणि काम जाणणारा कान हवा असतो. तसा कान नसला की माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर एकदम टोकाला जातो.

आणि मग चूक घडते तो दिवस. मेथोट्रेक्सेट हे संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध आहे. ते चुकून रोज दिले गेल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन माणसे दगावल्याच्या घटना जगभरातील औषधसुरक्षेच्या साहित्यात नोंदलेल्या आहेत. एखाद्या वृद्धनिवासात असे काही घडले आणि तक्ता फार्मासिस्टने त्याच महिन्यात पाहिलेला असला, तर यंत्रणा आपल्या पद्धतीने हलते. गंभीर घटनांची नोंद करण्याची योजना एप्रिल २०२१ पासून लागू आहे, सर्वांत गंभीर घटना चोवीस तासांत कळवायच्या असतात, कुटुंबाला सांगायचे असते, कारणांची चौकशी करायची असते. हे सारे योग्यच आहे. फक्त या सगळ्या धावपळीत त्या फार्मासिस्टला पुढच्या सोमवारी त्याच तक्त्यांपुढे बसून पुन्हा निर्णय घ्यायचे असतात, याचा विचार कोणाच्या कामाच्या यादीत नसतो. चुकीनंतर हादरलेला माणूस सहसा दोन दिशांनी बिघडतो. एक तर तो प्रत्येक बारीक गोष्टीवर डॉक्टरांना फोन करू लागतो आणि मग त्याचा फोन कोणी घेत नाही, किंवा तो धोका पत्करणे सोडतो, आणि या कामात धोका पत्करणे सोडणे म्हणजे जे औषध चालू आहे ते चालू ठेवणे. त्याची किंमत रहिवासी मोजतात.

सध्या काहीच आधार नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. ऑस्ट्रेलियात फार्मासिस्ट आणि विद्यार्थ्यांसाठी ‘फार्मासिस्ट्स सपोर्ट सर्व्हिस’ ही दूरध्वनी सेवा आहे. फोन घेणारे स्वयंसेवक स्वतः फार्मासिस्ट असतात, आणि फोन करणाऱ्याला आपले नाव सांगावे लागत नाही. व्यावसायिक संस्थाही या क्षेत्रातल्या लोकांना एकत्र आणण्याचे प्रयत्न करतात. या प्रयत्नांविषयी मला आदर आहे. पण फोनसेवा ही संकटाच्या वेळेसाठी असते. तिथे फोन करण्याआधी माणसाला आपण संकटात आहोत हे मान्य करावे लागते, आणि आपल्या व्यवसायातली माणसे ते फार उशिरा मान्य करतात. ऐच्छिक गटांची अडचण निराळी आहे. ज्यांना वेळ आहे आणि ज्यांचा आत्मविश्वास शाबूत आहे ते येतात. ज्याला सर्वांत जास्त गरज असते तो संध्याकाळी सात वाजता चार वृद्धनिवासांची कामे आटोपून गाडी चालवत असतो.

समव्यावसायिकांचा चांगला गट कसा असतो हे मोघम सांगून भागणार नाही. सहा ते आठ जण असावेत, शक्यतो वेगवेगळ्या मालकांकडे काम करणारे, आणि ते वर्षभर तेच राहावेत, कारण परक्यांपुढे कोणी आपली शंका उघडी करीत नाही. पंधरवड्यातून एकदा, कामाच्या वेळेत, तासभर. दूरच्या भागांतील लोकांसाठी व्हिडिओवर भेटणे चालेल. खंडाएवढ्या त्या देशात दुसरा इलाजही नाही. प्रत्येक बैठकीत एक किंवा दोन प्रकरणे, रहिवाशाची ओळख पटेल असा तपशील काढून. मांडणाऱ्याने औषधांची यादी वाचून दाखवू नये. आपण काय ठरवले, कशाच्या आधारावर, आणि मनात कुठे खटकते, हे सांगावे. वरच्या उदाहरणातल्या बाईंचे प्रकरण अशा गटात आले तर कोणी विचारेल की सूज दोन्ही पायांवर सारखी आहे का आणि दम लागतो का. दुसरा विचारेल की लघवीचा त्रास फ्युरोसेमाइड दुपारी दिल्याने तर वाढला नाही ना. तिसरी सांगेल की एका रहिवाशाच्या मुलीला आधी विश्वासात न घेता औषध कमी केल्याने आपल्या वृद्धनिवासात काय गदारोळ झाला. शेवटचा मुद्दा कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वात नसतो, आणि बहुतेक चांगल्या सूचना त्याच दगडावर फुटतात.

अशा बैठकींमुळे रहिवासी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतक्या टक्क्यांनी घटेल, असा दावा मी करणार नाही. या क्षेत्रात असे दावे जपून करावेत हे ब्रिटनच्या अनुभवाने शिकवले आहे. तिथे वृद्धनिवासात औषधे लिहिण्याचा अधिकार असलेले फार्मासिस्ट नेमून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत पडण्याचे प्रमाण कमी झाले नाही, मात्र गुंगी आणि गोंधळ आणणाऱ्या औषधांचा भार कमी झाला. उलट ऑस्ट्रेलियात टास्मानियातून सुरू होऊन १५० वृद्धनिवासांपर्यंत पोहोचलेल्या ‘रेड्यूज’ या प्रकल्पात सहा महिन्यांत मनोविकारविरोधी औषधांचा वापर १३ टक्क्यांनी आणि झोपेच्या-चिंतेच्या बेंझोडायझेपिन औषधांचा २१ टक्क्यांनी घटला. त्या प्रकल्पात एकट्या माणसाच्या चांगुलपणावर भिस्त नव्हती. प्रत्येक वृद्धनिवासातील वापराचे आकडे मोजून इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवले जात, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळे, आणि मग फार्मासिस्ट, परिचारिका व डॉक्टर मिळून आढावा घेत. आपला आकडा इतरांच्या तुलनेत कुठे आहे हे कळणे, ही या यशातली मोठी गोष्ट होती असे मला वाटते. एका इमारतीत बसलेल्या माणसाला आपली इमारत नेहमीच सर्वसाधारण वाटते.

आता खर्चाचा मुद्दा. आठवड्याला ३८ तास काम करणाऱ्या पूर्णवेळ फार्मासिस्टच्या पंधरवड्यात ७६ तास असतात. त्यातला एक तास म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. पण पन्नास खाटांच्या एका वृद्धनिवासात आठवड्यातून एकच दिवस जाणाऱ्याचे पंधरवड्याला पंधरा तास होतात आणि त्यातला एक तास सुमारे साडेसहा टक्के होतो. शिवाय तो वेळ त्याच्या रहिवाशांच्या वाट्यातून जातो. म्हणजे एकटेपणा जिथे सर्वांत जास्त, त्या लहान आणि दूरच्या ठिकाणीच हा तास सर्वांत महाग पडतो. निधी खाटांवर मोजला जातो, एकटेपणा माणशी असतो. म्हणून हा तास खाटांच्या हिशेबातून कापून घेऊ नये. प्रत्येक पात्र फार्मासिस्टमागे तो वेगळा द्यावा, मग तो एका ठिकाणी काम करो की चार ठिकाणी. ऑस्ट्रेलियाच्या वृद्धसेवेत काळजीची मिनिटेसुद्धा मोजली जातात. ऑक्टोबर २०२४ पासून सरासरी प्रतिरहिवासी दिवसाला २१५ मिनिटे आणि त्यांत नोंदणीकृत परिचारिकेची ४४, असा दंडक आहे. जिथे इतका बारीक हिशेब ठेवता येतो तिथे पंधरवड्याचा एक तास मोजायला यंत्रणा नाही, ही सबब पटणारी नाही.

इतर व्यवसायांनी ही वाट आधीच धरली आहे. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणी मंडळाचा बरीच वर्षे चालत आलेला नियम असा, की वर्षाला तीस तासांच्या निरंतर शिक्षणापैकी किमान दहा तास समव्यावसायिकांशी आपल्या कामाविषयी सल्लामसलत करण्यात घालवावेत. डॉक्टरांसाठी २०२३ पासून वर्षाचे पन्नास तास ठरले आणि त्यातले किमान पंचवीस स्वतःच्या कामाचा आढावा घेणे व परिणाम मोजणे यासाठी राखले गेले. सहकाऱ्यांबरोबरची प्रकरणचर्चा त्यात धरता येते. फार्मासिस्टना निरंतर शिक्षणाचे वर्षाला चाळीस गुण मिळवावे लागतात, आणि ते पूर्णपणे व्याख्याने ऐकून व प्रश्नोत्तरे सोडवून मिळवता येत असल्याने थकलेला माणूस तीच सोपी वाट धरतो. या कामासाठी ऑस्ट्रेलियन फार्मसी कौन्सिलने मान्यता दिलेल्या प्रशिक्षणाची अट घातली गेली, तेव्हा ज्ञानाची बाजू भक्कम झाली. पण प्रशिक्षण एकदा संपते, आणि कामातल्या शंका त्यानंतर सुरू होतात.

हरकतींपैकी गोपनीयतेची हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. लहान गावात वय, आजार आणि एखादी खूण सांगितली तरी माणूस ओळखू येतो, त्यामुळे तपशील बदलण्याची शिस्त शिकवावी लागेल, नुसती सूचना देऊन चालणार नाही. दुसरे, अशा गटाला संपूर्ण गुप्ततेचे आश्वासन देणे हा खोटेपणा होईल. एखाद्या सदस्याचे वर्तन लोकांना अपायाचा धोका पोहोचवण्याइतके व्यवसायाच्या मानकांपासून ढळले असल्याचे दिसले, तर इतर नोंदणीकृत सदस्यांवर ते कळवण्याचे कायदेशीर बंधन आहे. ही मर्यादा पहिल्याच बैठकीत उघड सांगावी. काहींना वाटेल की मग कोण बोलेल? माझा अंदाज असा, की जिथे मर्यादा स्पष्ट असते तिथे माणसे मर्यादेच्या आत निर्धास्त बोलतात. संदिग्ध ठेवले तर हवामानाच्या गप्पा होतात.

गट एकमेकांची पाठ थोपटणारा होईल, सगळे मिळून एकच चूक पक्की करतील, ही भीतीही निराधार नाही. त्यावर उपाय म्हणजे गट चालवणारी व्यक्ती अनुभवी आणि त्या कामासाठी शिकलेली असणे, आणि वर्षातून काही वेळा वृद्धवैद्यकातील डॉक्टरांना किंवा वृद्धसेवेतील ज्येष्ठ परिचारिकेला बोलावणे. गट चालवणारा सदस्यांचा वरिष्ठ नसावा. ज्या दुकानसाखळीचे पाकीट तपासायचे, तिचाच व्यवस्थापक बैठकीच्या अध्यक्षस्थानी बसला, तर ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ असे म्हणण्याची पाळी येईल. त्यामुळे गटांची व्यवस्था व्यावसायिक संस्थेकडे किंवा विद्यापीठाकडे असावी, पैसे सरकारने द्यावेत, आणि नियोक्त्याचा संबंध तेवढा तास मोकळा सोडण्यापुरता राहावा.

नवा वृद्धसेवा कायदा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि त्यात रहिवाशांचे हक्क केंद्रस्थानी आणले आहेत. फार्मासिस्टच्या या योजनेच्या नियमांची पुढची दुरुस्ती होईल तेव्हा त्यात दोन कलमे घालावीत. पहिले, पंधरवड्यातून एक तास समव्यावसायिक गटासाठी, फार्मासिस्टमागे, वेगळ्या निधीतून. दुसरे, या तासाचा हिशेब मागताना बैठक झाली का आणि कोण हजर होते एवढेच विचारावे. तिथे काय बोलले गेले याचा अहवाल सरकारने, दुकानाने किंवा वृद्धनिवासाने मागू नये.